कोरण्याआधीची रेघ

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय अलंकरणाचा अभ्यास करणाऱ्याला कागदांचा तोटा नाही. ओवेन जोन्स यांचा ‘ग्रामर ऑफ ऑर्नामेंट’ हा ग्रंथ १८५६ मध्ये निघाला. त्यासाठी केलेली मूळ रेखाटने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. विल्यम मॉरिस यांच्या भिंतकागदांची कच्ची चित्रेही तिथे पाहायला मिळतात. वेल कुठे अडली, पान कोणत्या बाजूने वळवून पाहिले, ठिपके कधी वाढवले हे सारे त्यांत उमटलेले आहे. त्याच शतकात आपल्या साताऱ्यात प्रतापसिंह महाराजांनी १८२४ च्या सुमारास राजवाडा बांधला, सांगलीत पटवर्धनांचे संस्थान स्थिरावले, मिरजेत तंबोरे आणि सतारी घडू लागल्या. नक्षी भरपूर झाली. तिच्या आधीची रेखाटने मात्र कोणत्याही कपाटातून अशी सहज हाती येत नाहीत. यावरून एक निष्कर्ष फार सोपेपणाने काढला जातो: आपल्या कारागिरांनी आधी रेखाटले नाही, म्हणजे आधी योजले नाही, पिढ्यान्‌पिढ्या हाताला लागलेले वळण त्यांनी गिरवले, एवढेच. हा निष्कर्ष मला मुळातच चुकीचा वाटतो. पूर्वरेखाटन इथेही होते. ते ज्या वस्तूवर केले जाई त्या वस्तूतच ते खर्ची पडे. कागदावरचे रेखाटन मागे राहिले ते तिथे, जिथे योजणारा एक आणि घडवणारा दुसरा अशी कामाची वाटणी झालेली होती. आपण कागदाला बुद्धीचा पुरावा मानत आलो, आणि त्यामुळे एका संपूर्ण प्रदेशाच्या कलेचे श्रेय चुकीच्या जागी जमा झाले.

मिरजेच्या वाद्यांपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण ते काम आजही चालू आहे. या धंद्याचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शिकलगार घराण्यात, फरीदसाहेब शिकलगार यांच्या हातून झाला असे मिरजेत सांगतात. शिकलगारांचे मूळ काम शस्त्रांना धार लावण्याचे. १८१८ नंतर तलवारीची मागणी आटली आणि धातूला सरावलेले हात लाकडाकडे व भोपळ्याकडे वळले. तंबोऱ्याचा भोपळा शेतात वाढतो. दोन भोपळे कधीच एका मापाचे नसतात. एकाचा घेर मोठा, दुसऱ्याची एक बाजू किंचित चपटी, तिसऱ्याचा देठाकडचा भाग कललेला. भोपळा आणि दांडी जुळतात तिथे लाकडाची कोरलेली पाने बसवतात. तबलीच्या कडेने वेलबुट्टीची पट्टी फिरते. पूर्वी ती हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असे, आता बहुधा सेल्युलॉइडची किंवा प्लास्टिकची असते. पट्टीवर रेघा कोरून त्यांत रंग भरतात. आता विचार करावा की कागदावर तयार केलेला एकच नमुना या सगळ्या भोपळ्यांवर कसा बसणार? बसत नाही. घेराचे सारखे भाग पाडल्याशिवाय पाने समोरासमोर येत नाहीत, आणि ते भाग त्या एका भोपळ्याचेच पाडावे लागतात. पट्टीवरची वेल जिथून निघाली तिथेच अर्धे पान न तुटता परत पोचायला हवी. म्हणून किती फुले घ्यायची, दोन फुलांत किती जागा सोडायची, उरलेली दोन-चार सूत जागा कुठे जिरवायची, हा हिशेब हातात वाद्य घेतल्यावरच होतो. हा हिशेब आखणीच्या रेघांत मांडला जातो आणि कोरणी फिरली की त्या रेघा नाहीशा होतात. यातली प्रत्येक पायरी लंडनमधला भिंतकागदाचा आराखडाकार करत होता तीच आहे. त्याच्यासमोर सपाट कागद होता. मिरजेच्या कारागिरासमोर दोन्ही दिशांनी वळलेला, असमान पृष्ठभाग होता. काम कोणाचे अवघड, हे सांगायला नको.

वाड्यांच्या लाकूडकामात हेच दिसते, फक्त माप मोठे असते. सुरूचा खांब, त्यावरची महिरप, महिरपीच्या टोकाला लोंबणारे केळफूल, तुळईच्या पोटावरचे कमळ ही मराठी वाड्याची ओळखीची अंगे. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यात, वाईच्या रास्त्यांकडे, पुढे साताऱ्याच्या राजवाड्यात या परंपरेचे टप्पे पाहता येतात. महिरप दोन अर्धुकांची असते. दोन्ही बाजूंच्या फळ्या मध्यावर भेटल्या की वक्ररेषा तुटता कामा नये. याला आखणी लागतेच. गुण्या, ओळंबा, कर्कटक आणि दोरी यांच्या मदतीने सुतार लाकडावर पूर्ण मापाचे रेखाटन करतो आणि मग पटाशी चालवतो. वास्तूतले सर्वांत बुद्धीचे काम त्या आखणीत असते, आणि काम संपले की ती उरत नाही. उरल्या तर सांध्याच्या आत, तुळईच्या वरच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी सुताराच्या खुणा उरतात. भिंतीवरच्या चित्रांत तर पूर्वरेखाटन अक्षरशः चित्राच्या खाली असते. गेरू-हिरमजीची पहिली रेघ, तिच्यावर रंग, आणि शेवटी पुन्हा बाह्यरेषा, ही पद्धत अजिंठ्यापासून चालत आली. रंग झडलेल्या भागात खालची रेघ दिसते. एकाच वेलीचा तुकडा चारही भिंतींवर फिरवायचा तर खाका वापरत: रेघेवरून टोचलेला कागद भिंतीला लावायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची, ठिपके उमटतात, ठिपके जोडायचे. खाका दहा-वीस वेळा वापरला की फाटतो आणि फेकला जातो.

यावर एक आक्षेप लगेच येईल: कागद महाग होता, दुर्मीळ होता, म्हणून रेखाटने राहिली नाहीत, त्यात कामाच्या वाटणीचा एवढा मोठा सिद्धांत कशाला? याचे उत्तर मेणवलीतच आहे. त्याच वाड्यात मेणवली दफ्तर सांभाळले गेले. पत्रे, हिशेब, बातम्या, यांची रुमालांत बांधलेली पाने हजारोंनी टिकली. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी या दफ्तराचे मोल ओळखले आणि त्यांच्या संग्रहातून पुढे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेले. तेव्हा कागद होता, कागद जपण्याची शिस्तही होती, आणि ती शिस्त फार कडक होती. काय जपायचे याचा निर्णय मात्र दफ्तरदाराचा असे. पैशाचा व्यवहार आणि राजकारण जपण्याजोगे ठरले. नक्षीचा खाका ही काम झाल्यावर संपणारी वस्तू ठरली. याला दुसऱ्या बाजूने पुष्टी देणारे उदाहरण पुण्याचे आहे. १७९० च्या दशकात ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्या सहवासात गंगाराम तांबट याने कार्ले आणि वेरूळ इथल्या लेण्यांची रेखाटने केली. त्यातली कितीतरी आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. त्याचे आडनावच सांगते की तो तांब्या-पितळेच्या कामाच्या जातीतला. त्याच्या हाताला रेखाटन इंग्रज आल्यावरच आले असेल, असे मानणे कठीण आहे. त्याची रेखाटने टिकली, कारण ती कागदावर हवी असणारा, पेटीत घालून समुद्रापार नेणारा ग्राहक त्याला भेटला. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तांबटांना तो भेटला नाही.

मुंबईत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असा ग्राहक सरकारच्याच रूपाने उभा राहिला. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स तिथे शिकवायला आले. १८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले, चित्रांच्या प्रती करत राहिले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी ठळक नाव. १८९६–९७ मध्ये त्या कामाचे दोन खंड छापून आले आणि त्यात अलंकरणाला, छतांवरच्या चौकटी-चौकटींना, फार मोठी जागा मिळाली. शाळेतल्या मुलांना ग्रीक आणि रोमन वेलींऐवजी इथल्या नमुन्यांवर हात बसवता यावा, ही ग्रिफिथ्स यांची कळकळ खरी होती, आणि तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. १८७८ ते १८८८ या काळात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावर व्हिक्टोरिया टर्मिनस उभे राहिले, त्याच्या नक्षीकामात याच शाळेचा वाटा होता. पण या सगळ्या यशात कामाची एक नवी रचना रुजली. आधी कागद, मग मंजुरी, मग मातीचा नमुना, मग दगडावर छिन्नी. कागदाखाली सही असते. छिन्नीखाली नसते.

इथेच बेळगावात जन्मलेले जॉर्ज बर्डवुड आठवतात. त्यांचा ‘द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ हा १८८० चा ग्रंथ भारतीय कारागिरीवर मनापासून प्रेम करतो. यंत्राच्या मालापुढे खेड्यातल्या कारागिराची बाजू त्यांनी जोरात मांडली. पण त्या प्रेमात कारागीर हा परंपरेचा वाहक असतो, विचार करणारा माणूस नसतो. तो निसर्गासारखा निर्दोष घडवतो आणि म्हणूनच त्याने काही योजले असे मानायची गरज पडत नाही. याच बर्डवुड यांनी पुढे १९१० मध्ये बुद्धमूर्तीची कुचेष्टा केली आणि भारतात ललित कला नाहीच असे ठामपणे म्हटले. ही विसंगती आहे असे मला वाटत नाही. हात थोर आणि डोके गैरहजर, ही एकच भूमिका दोन्हीकडे आहे. सरकारी नोंदींचीही तीच तऱ्हा. १८८५ चा सातारा गॅझेटियर वाईच्या देवळांची लांबी-रुंदी फुटांत देतो, ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले हे सांगतो, खर्चाचा आकडासुद्धा देतो. पाथरवटाचे नाव तिथे येत नाही. रास्त्यांच्या दानाची नोंद झाली ती योग्यच. पण देणाऱ्याचे नाव राहते आणि योजणाऱ्याचे जाते, तेव्हा ‘त्याने योजले नव्हतेच’ असे नंतर म्हणणे फार सोपे होते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. कारागीर तेच तेच नमुने काढत आले. वेल, कमळ, केळफूल, मोर. यात नवी योजना कुठे आहे? ठरलेला नमुना ठरलेल्या जागी बसवणे याला रचना म्हणायचे का? याचे उत्तर दोन अंगांनी देता येते. एक तर युरोपातही अलंकरणाचा शब्दसंग्रह फारसा नवा नव्हता. अकँथसचे पान दोन हजार वर्षे वळवले जात होते आणि तरीही ते वळवणाऱ्या प्रत्येक चांगल्या आराखडाकाराला आपण कलावंत म्हणतो. अलंकरणातली बुद्धी नवे फूल शोधण्यात कमी असते, ओळखीचे फूल अनोळखी जागेत बसवण्यात जास्त असते. दुसरे असे की सगळे कारागीर सारखे नव्हते, आणि सगळे काम सारखे नव्हते. सोनाराचा ठसा घ्या. पंचधातूच्या किंवा काशाच्या ठशावर सोन्याचा पत्रा ठोकला की पुतळी किंवा पान उमटते. तोच ठसा शेकडो वेळा वापरता येतो. सांगलीत १८३२ मध्ये गणेश नारायण गाडगीळ यांनी सराफी सुरू केली त्या काळात या भागात दागिने घडत ते अशा ठशांवर. इथे आवृत्ती खरोखर यांत्रिक आहे. पण ठसा खोदणारा कोणीतरी होताच. त्याने धातूत उलटे, आत दबलेले चित्र कल्पनेने पाहून खोदले. ठसा म्हणजे टिकून राहिलेले पूर्वरेखाटनच आहे, फक्त ते धातूचे असल्यामुळे कलेच्या इतिहासकाराने ते अवजारांत टाकले. आक्षेप घेणाऱ्याने पुनरावृत्ती पाहिली ती ठोकणाऱ्याच्या कामात. खोदणाऱ्याच्या कामापर्यंत तो पोचलाच नाही.

तरी कागदाची बाजू मला हलकी करायची नाही. रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या वर्षानुवर्षे प्रती केल्या. त्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांच्या प्रतींपैकीही अनेक १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. एवढे होऊनही जे छापले गेले त्यामुळे, लेण्यांतला रंग पुढे आणखी झडला तेव्हा, तिथे काय होते हे आपण सांगू शकतो. कागद प्रवास करतो. आणि त्याहून मोठी गोष्ट: आखणीची विद्या घरातल्या मुलालाच मिळत होती. सुताराची सुताराच्या घरात, सोनाराची सोनाराच्या. बाईला ती सहसा मिळाली नाही. बाहेरच्या जातीतल्या मुलाला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईची कलाशाळा आणि नंतर गावोगावच्या चित्रकलेच्या परीक्षा यांनी ती बंद विद्या, निदान काही प्रमाणात, उघडी केली. सातारा-सांगलीतल्या शाळांमधून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणारी मुले ‘संकल्पचित्र’ हा विषय सोडवतात तेव्हा ती अलंकरणाचेच पूर्वरेखाटन करत असतात: वर्तुळात किंवा चौकोनात पाने-फुले बसवायची, जागा भरायची, रंग तोलायचे. ही कोणाच्याही मुलामुलीला मिळणारी संधी आहे आणि ती लहान गोष्ट नाही. म्हणून जुन्या पद्धतीकडे परत जा असे म्हणण्यात अर्थ नाही. पण त्याच संकल्पचित्रात एक खोट आहे. ते कागदावर सुरू होते आणि कागदावर संपते. ते कुठे कोरले जाणार, कशावर बसणार, दगड आहे की भोपळा, हा प्रश्न त्यात नाही. म्हणजे एका बाजूला रेखाटनाविना राहिलेली वस्तू आणि दुसऱ्या बाजूला वस्तूविना राहिलेले रेखाटन, अशी फूट एकोणिसाव्या शतकाने पाडली, आणि आपले शिक्षण आजही ती सांधत नाही.

जयपुरात याहून वेगळा प्रयत्न झाला होता. सर स्विंटन जेकब यांनी १८९० पासून ‘जयपूर पोर्टफोलिओ’ हा वास्तु-अलंकरणाच्या रेखाटनांचा मोठा संच काढला. पाने सुटी होती, मोठ्या मापाची होती, आणि काम करणाऱ्या गवंड्याला व पाथरवटाला ती समोर ठेवून वापरता यावीत हा हेतू होता. जयपूरच्याच आरेखकांनी ती काढली. मराठी मुलखाच्या लाकूडकामाला त्या तोडीचे काही लाभले नाही. साताऱ्याकडच्या औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारखा स्वतः चित्रकार असलेला राजा झाला. त्यांनी चित्ररामायण काढले, अजिंठ्याच्या चित्रांकडे कलावंतांना नेले, १९३८ मध्ये औंधच्या टेकडीवर श्री भवानी संग्रहालय उभे केले. मराठी चित्रसंस्कृतीवर त्यांचे उपकार मोठे आहेत. त्या संग्रहालयातले हस्तिदंत आणि चंदन यांतले कोरीवकाम थक्क करणारे आहे, आणि ते पाहून निघालेल्या माणसाला एकच गोष्ट कळत नाही, की हे करायला पहिली रेघ कुठून ओढली. हा दोष औंधचा नाही. जगातली बहुतेक संग्रहालये पूर्ण झालेली वस्तूच मांडतात. पण हा प्रश्न विचारायला औंधइतकी योग्य जागाही नाही, कारण तिथे चित्रकाराची नजर आणि कारागिराची वस्तू एकाच छताखाली आलेली आहे.

आज हा वाद केवळ इतिहासाचा उरलेला नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने गावाचे नाव राखले जाईल, नकली मालाला आळा बसेल. नक्षीची आखणी कोणी शोधली, कोणत्या घराण्याची पाने कशी वळतात, हे मानांकनाच्या कक्षेत येत नाही. वाड्यांची दुरुस्तीही सुरू असते, आणि दुरुस्तीत सर्वांत आधी जाते ते हेच: झडलेल्या चित्राखालची गेरूची रेघ नव्या रंगाने झाकली जाते, सडलेली तुळई काढताना तिच्या पाठीवरच्या सुताराच्या खुणा जळणात जातात, जुन्या सोनाराच्या दुकानातले ठसे मोडीच्या भावाने विकले जातात. हे जाण्याआधी नोंदवून ठेवायला हवे. अशी नोंद केल्याने परंपरा गोठेल, कारागीर पुस्तकात पाहून काम करू लागेल, ही भीती काही जाणकार बोलून दाखवतात. ती मला पटत नाही. परंपरा गोठते ती एकच अंतिम वस्तू नमुना म्हणून समोर ठेवल्याने. आखणी दाखवली तर ती गोठत नाही, कारण आखणीत निर्णय दिसतात, आणि दिसलेला निर्णय पुढच्या माणसाला वेगळा घेता येतो.

म्हणून करायचे ते फार खर्चाचे नाही. मिरजेच्या कारखान्यात कोरणी लागण्यापूर्वी आखलेल्या भोपळ्याचे आणि पट्टीचे छायाचित्र घेता येईल, आखणाऱ्याच्या संमतीने आणि त्याच्या नावानिशी. वाड्याच्या दुरुस्तीच्या निविदेत, कुठलीही तुळई उतरवण्यापूर्वी तिच्या चारही बाजूंची नोंद करणे ही अट घालता येईल. भिंतीवरचा जुना रंग पुन्हा भरण्याआधी खालच्या रेघेची प्रत घ्यायची, हे ठेकेदाराच्या मर्जीवर सोडता कामा नये. ठसे वजनाने विकत न घेता त्यांचे मेणावरचे उठाव घेऊन कोणत्या गावातल्या कोणत्या पेढीतून आले ते लिहून ठेवायचे. आणि इंटरमिजिएटच्या संकल्पचित्राच्या प्रश्नपत्रिकेत एकदा तरी वर्तुळ आणि चौकोन सोडून असमान भोपळ्याचा घेर द्यावा. मुले तो सोडवायला घेतील तेव्हा शिकलगारांच्या घरातला प्रश्न त्यांना पहिल्यांदा कळेल.